वहिनींचं नाक

शहराच्या जुन्या भागातली ती गल्ली इतकी अरुंद, की गाडी आत शिरत नाही. लोक कोपऱ्यावर उतरतात आणि वासाच्या मागे चालत येतात. आधी बेकरी, मग मासे तळणारा, मग वहिनींची खानावळ. खाली चार टेबलं नि स्वयंपाकघर, लाकडी जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या. नवरा लांबच्या ट्रकवर, त्यामुळे घरात वहिनी आणि सासूबाई दोघीच.

एका तापात वहिनींना वास येईनासा झाला. पाठीमागे दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा कळलं. ताप उतरला, पण वास परतला नाही.

त्या कुणाला बोलल्या नाहीत. खाण्याच्या गल्लीत ही गोष्ट फुटली की गिऱ्हाईक संपलं. कांदा रंगावरून ओळखायचा, फोडणी आवाजावरून. मटण मात्र ओळखता येईना. नासलेलं कुणाच्या पोटात गेलं तर? या धास्तीनं त्या चांगलं मटणही फेकून देत. कुणी ताटात अर्धं टाकून उठलं, की ते ताट आत नेऊन निरखत बसायच्या. “आई, जरा चाखून बघता?” असं दिवसातून दहादा चालायचं.

थंडीतल्या एका सकाळी त्या खाली आल्या. खिडक्या घट्ट बंद. काडी पेटीवर टेकवली, तोच दारातून बेकरीवाला ओरडला, “वहिनी! काडी ओढू नका!”

हातातले पाव बाहेरच टाकून तो आत धावला. रात्री गॅसच्या शेगडीचं बटण नीट बंद झालं नव्हतं. त्यानं सिलिंडर बंद केला, खिडक्या धाडधाड उघडल्या.

“एवढा भपका येतोय, दारातच डोकं गरगरलं माझं! तुम्हाला...” वहिनींचा चेहरा पाहून तो थांबला. “वासच येत नाही का?”

वहिनींनी वर पाहिलं. डोक्यावरच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या होत्या. वहिनींनी मान हलवली आणि काडेपेटी त्याच्या हातात दिली.

सगळं ऐकून सासूबाई वहिनींच्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, मला वाटलं म्हातारीची जीभ शाबूत आहे का ते बघतेस. एवढं एकटीनं पोटात ठेवलंस?”

बेकरीवाल्यानं ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगितली नाही. त्या दिवसापासून रोज आधी सासूबाई खाली उतरतात, कोपरान् कोपरा हुंगतात, आणि हाक मारतात, “ये गं!” मटणही त्यांच्या नाकाखालून जातं. खानावळ चालते आहे. पण शेगडीपुढे दर थोड्या वेळानं बटणं चाचपल्याशिवाय वहिनींना अजून चैन पडत नाही.

मध्यंतरी सासूबाईंना सर्दी झाली. “साधी शिंक आहे गं,” त्या चोंदलेल्या आवाजात म्हणत राहिल्या. वहिनींनी खिडक्या सताड उघडल्या, सिलिंडर मागच्या अंगणात काढला, खानावळ बंद ठेवली, आणि सर्दी उतरेपर्यंत दोघी बेकरीच्या पावावर राहिल्या.