माफीचा कागद

हळूकाकांचं खरं नाव नाटकमंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. चाळीस वर्षं विंगेत बसून त्यांनी नटांना वाक्यं पुरवली. नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचे, आणि त्यानं ते डोळे मिटून उचलायचे. आलेल्या शब्दाची शहानिशा कुणी करत नाही. तेवढा वेळच नसतो.

त्यांचा सगळ्यात लाडका नट पुरुषावर प्रेम करणारा होता, आणि ऐन भरात असताना त्यानं ते चारचौघांत सांगून टाकलं होतं. ज्यांनी नाकं मुरडली, तेच पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत हजर! आता तो शाळाशाळांतून फिरायचा. अशा मुलांचा छळ होऊ नये, त्यांना कुणी हाकलू नये, असा नियम करून घ्यायचा. भाषण तोंडपाठ असलं तरी काका बरोबर हवेतच.

त्या दुपारी गाडी थांबली ते फाटक काकांनी पाहताक्षणी ओळखलं. ही त्यांची स्वतःची शाळा. ते आत विंगेत शिरले. सभागृहाची खिडकी बंद होती, पंखे बंद होते, तरी समोरच्या विंगेचा पडदा हलत होता.

"नियम आज संध्याकाळी मंजूर करून घेते," मुख्याध्यापिका नटाला म्हणाल्या. "फक्त तुमचं स्वतःचं तेवढं नको. पालक बिथरतील."

नटानं भाषणाच्या कागदावरच्या, स्वतःबद्दलच्या सहा ओळींवर लाल रेघ मारली. "नियम पदरात पडतोय ना काका? मग राहू दे."

काकांना ते मुळीच पटलं नाही. पण कागद घेऊन ते विंगेत जाऊन बसले.

पन्नास वर्षांपूर्वी याच रंगमंचावर त्यांच्या धाकट्या भावाला उभं केलं होतं. त्यानं वर्गातल्या एका मुलाला लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी सरांच्या हाती लागली होती. सगळ्यांसमोर माफी माग, मगच खाली उतर, असं सरांनी बजावलं. माफीचा कागद लिहून घेतला थोरल्याकडून, अक्षर चांगलं म्हणून. आणि अडला तर सांग, म्हणून त्यालाच विंगेत बसवलं. धाकटा "मी माफी मागतो की मी" इथवर आला आणि थांबला. थोरल्याला वाटलं, विसरला. त्यानं पुढचे शब्द तीनदा पुरवले. पोर विसरलं नव्हतं. ते नकार देत होतं. धाकटा पुन्हा शाळेत गेला नाही, आणि वर्ष सरायच्या आत या जगातही उरला नाही.

पालकांसमोर भाषण छान रंगलं. लाल रेघेपाशी आल्यावर नट थांबला. काकांनी रेघेनंतरचं वाक्य पुरवलं. त्यानं उचललं नाही. पुन्हा पुरवलं.

तेवढ्यात समोरच्या विंगेतून कुजबूज आली. तिथं मोडक्या बाकांखेरीज काही नव्हतं. "मी माफी मागतो की मी..." आवाज कोवळा होता, अजून न फुटलेला.

नटाची मान तिकडे वळली, आणि सवयीनं त्यानं शब्द उचलले. "मी माफी मागतो की मी..."

काकांनी तो आवाज ओळखला. कुजबूज थांबली होती. नट घामाघूम होऊन काकांकडे बघत होता. समोरच्या अंधारातूनही कुणीतरी त्यांच्याचकडे बघत होतं. दोघांना पुढचा शब्द हवा होता.

काका उठले आणि चालत उजेडात आले.

"यानं माफी मागायची नाही," ते म्हणाले. "माझ्या भावानंही मागायची नव्हती. तो कागद मी लिहिला होता. माफी मी मागतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून शेवटापर्यंत.

मग नटानं त्या सहा ओळी म्हटल्या, कुणी न पुरवता. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. नियम गेला, असंच त्यांना वाटलं असणार. पण मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले.

"मी होतो त्या दिवशी इथं," ते म्हणाले. "मी हसलो होतो."

त्यांच्यानंतर विरोधात बोलायला कुणी उठलं नाही. संध्याकाळी नियम मंजूर झाला.

सभागृह रिकामं झाल्यावर काका एकटेच रंगमंचाखाली रेंगाळले. पडदा आता स्थिर होता. तरी रंगमंचावरून, अगदी जवळून, आवाज आला.

"दादा, आता खाली येऊ?"

काकांनी हात पुढे केला. "ये रे," ते म्हणाले.

हातात आलेला हात थंडगार होता, आणि केवढा लहान.