बाइंडरच्या दंडावरचे डाग

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाइंडरबद्दल मी आजवर जे बोललो, त्यातलं निम्मं खरं होतं. माझ्या मानानं पुष्कळच. तो चिक्कू आहे, गाढवासारखा घोरतो आणि खळीचा वास त्याच्या आधी जिना चढतो, हे खरं. उरलेलं निम्मं आता सांगतो.

काम घरातच. त्याची बायको, आमच्या वहिनी, छापील कागदांच्या घड्या घालायच्या; तो त्या शिवून पुस्तकं दाबात आवळायचा. तीस वर्षांत वहिनींचे खांदे आणि बोटं कामातून गेली. मग दुखण्याची गोळी सकाळी एक, दुपारी एक, चहाबरोबर बिस्कीट खावं तशी. गेल्या वर्षी त्यांच्या दंडांवर निळे डाग दिसायला लागले. विचारलं की म्हणायच्या, आपटलं असेल कुठंतरी. मार खाल्लेल्या बायका असंच सांगतात, एवढं शहाणपण मला होतं. मी चार जणांत पुडी सोडून दिली, की बाइंडर हल्ली पुस्तकांबरोबर बायकोलाही दाबात घालतो. लोक हसले. मीही हसलो.

ते त्यांच्या सासरी असलेल्या लेकीच्या कानावर गेलं. ती आली, आईचे दंड पाहिले आणि तिला घेऊन गेली. त्यांनी हात लावला नाही गं, असं वहिनी परोपरीनं सांगत होत्या. लेकीनं ऐकलं नाही. तिकडे काम नाही, म्हणून दुखणं कमी, म्हणून गोळ्या बंद. तीन आठवड्यांत डाग गेले. लेकीला आणखी काय हवं होतं? तिनं बापाचा फोन उचलणं सोडलं.

बाइंडर एकटाच घड्या घालू लागला. हात भरून आले की वहिनींचा मागे राहिलेला गोळ्यांचा डबा उघडायचा. दोन महिन्यांनी माझ्याकडे शिडी मागायला आला, तेव्हा बनियनवर होता. दोन्ही दंडांवर तेच निळे डाग. एकट्या माणसाला कोण मारणार? तोंडाशी आलेली थट्टा मी गिळली आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, या गोळ्या रोज घेतल्या की रक्त गोठायला वेळ लागतो. जरा दाब पडला तरी काळंनिळं होतं.

बाहेर आल्यावर बाइंडरनं विचारलं, "तुला वाटलं होतं का रे, मी मारत असेन?"



त्याच दुपारी मी लेकीला फोन करून सगळं सांगितलं, माझ्या विनोदासकट.  ती म्हणाली, "काका, मी आईला खोटं पाडलं हो."

वहिनींना परत येऊन महिना झाला. जिना उतरताना त्यांचा तोल जातो. पूर्वी बाइंडर दंडाला धरून उतरवायचा. आता एक पायरी पुढं चालतो, हात पाठीमागं बांधून.

काल वहिनी मधेच थांबल्या. "धरा की."

त्यानं आधी मान वर करून आमच्या दाराकडे पाहिलं.