मैदामामांची तेलबंदी

मैदामामांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि बँकेला. बाकी सगळ्या गल्लीला ते मैदामामा. पहाटेपासून पिठात वावरल्यामुळे भुवया, कानांच्या पाळ्या, नाकपुड्यांतले केस, सगळं पांढरं. खाली पुढच्या बाजूला दुकान, मागे भट्टी, वर घर. पोट एवढं की मामा आतून निघाले की आधी पोट काउंटरला लागायचं, मग मामा यायचे. त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट अभिमान होता. "पोट ही बेकरीवाल्याची पाटी असते," ते गिऱ्हाइकांना सांगत. "मालक सुकडा दिसला तर ओळखायचं, हा स्वतःचा माल खात नाही."

एका दुपारी टोस्टचा ट्रे उचलताना ही पाटी डुगडुगली. छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि मामा मैद्याच्या पोत्यावर बसले.

"गॅस झालाय," ते म्हणाले.

मामींनी वाद घातला नाही. बेकरीचा टेम्पो दारातच भरून उभा होता. मामांना त्यांनी क्रीमबनच्या ट्रेंमध्ये आडवं केलं आणि ड्रायव्हरला हॉस्पिटलचा रस्ता धरायला लावला. मामा कानावर क्रीम घेऊन आत गेले. हृदयाची एक नळी तुंबली होती. ती उघडून आत जाळीची नळकांडी बसवली आणि मामा वाचले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तेलकट-तुपकट जपून खा. आणि काय खायचं, ते आहारतज्ज्ञ बाईंना विचारून जा." मामांनी पहिलं वाक्य कानात साठवलं आणि दुसरं हॉस्पिटलच्या दारातच सांडून आले.

घरी आल्यावर त्यांनी फतवा काढला, या घरात स्निग्ध म्हणून काही शिरणार नाही. तेलाचा डबा शेजारी गेला. शेंगदाणे गेले, अक्रोड गेले, तीळ गेले. मासे तर दारातूनच परत गेले, कारण ते "अंगानेच बुळबुळीत." भाजी पाण्यात उकडायची आणि पाण्यातच वाढायची. मामी डोक्याला तेल लावत होत्या, तर मामा दारात येऊन संशयाने उभे राहिले.

"हे मी खाणार नाहीये," मामी म्हणाल्या.

"घरात वास नको."

"मग नाक उकडून घ्या."

एवढ्या उकडलेल्या भाजीवर माणूस जगतो कसा? मामा टोस्टवर जगत होते. सकाळी चहाबरोबर टोस्ट, अकराला टोस्ट, भूक लागली म्हणून बिस्किटं, आणि भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून पुन्हा टोस्ट. टोस्ट कसा, कोरडा ठणठणीत! बोटाला काही लागत नाही, कागदावर डाग पडत नाही. साधूने खावा असा पदार्थ.

काही महिन्यांनी रक्त तपासलं. मामा निकाल घ्यायला निघाले ते नवा शर्ट घालून, शाबासकीच्या तयारीने. डॉक्टरांनी कागद बघितला, मामांकडे बघितलं आणि त्यांना थेट आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत पाठवलं. मामी बरोबर होत्याच.

बाई तरुण होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "वाईट कोलेस्टेरॉल म्हणावं तसं उतरलेलं नाही, चांगलं कोलेस्टेरॉल मात्र घसरलंय, आणि रक्तातली चरबी वाढलीये," त्या म्हणाल्या. "गोळ्या घेताय ना?"

"घेतो. आणि तेलाचं तर मी तोंडसुद्धा बघत नाही!"

"मग खाता काय?"

"टोस्ट," मामा छाती काढून म्हणाले. "कोरडा."

"टोस्टमध्ये काय असतं?"

मामांनी तोंड उघडलं. मैदा म्हणाले. साखर म्हणाले. मग थांबले. तीस वर्षं रोज पहाटे जो डबा ते स्वतःच्या हाताने फोडत होते, ज्यातला पांढरा घट्ट गोळा कोपरापर्यंत हात घालून मैद्यात चोळत होते, तो डबा त्यांना आत्ता, या खुर्चीत बसून, पहिल्यांदा दिसला.

"वनस्पती तूप," ते पुटपुटले.

मामी हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. "तेलाच्या थेंबाला घाबरून," त्या बाईंना म्हणाल्या, "हे डबाच गिळत बसले होते हो!"

बाईही हसल्या, पण मग नीट समजावून सांगितलं. पातळ तेलावर प्रक्रिया करून ते घट्ट करतात, त्यात कधीकधी ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. ती सगळ्यांत वाईट, वाईट कोलेस्टेरॉल चढवते आणि चांगलं उतरवते. लोणी, साजूक तूप, मटणाची चरबी बेताने खावी. आणि शेंगदाणे, अक्रोड, तीळ, मासे यांतले स्निग्ध पदार्थ शरीराला हवेच असतात. "म्हणजे तुम्ही शत्रूला घरात ठेवलंत आणि मित्रांना हाकलून दिलंत. वरून मैदा आणि साखर. चरबी वाढायला आणखी काय लागतं?"

मामांनी हळू आवाजात विचारलं, "आणि गल्लीला मी हेच खाऊ घालतोय?"

"कधीतरी एखादा टोस्ट खाऊन कोणी मरत नाही," बाई म्हणाल्या. "रोज खाल्ला तर बोलू."

गल्ली रोजच खात होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी डबा बंद केला आणि भट्टीवरच्या उस्तादांना सांगितलं, आजपासून टोस्ट, बिस्किटं, सगळं तेलात. उस्ताद मामांच्या वडिलांच्या वेळचे. त्यांनी ॲप्रन सोडून मामांच्या हातात दिला. "तेलातलं बिस्किट तुम्हीच करा. मी बघतो."

मामांनी केलं. पहिला घाणा इतका कडक निघाला की उस्तादांनी एक बिस्किट उचलून टेबलावर ठोकलं आणि दारावर कोणी आल्यासारखं "या!" म्हणाले. दुसरा घाणा उचलताच भुगा. तिसऱ्याला उस्तादांनाच राहवलं नाही. "सरका," म्हणत त्यांनी ॲप्रन ओढून घेतला, मैदा कमी करून गव्हाचं पीठ घातलं, तीळ घातले, साखरेवर हात आखडला. निघालं ते बिस्किट खाण्यासारखं होतं. पण जुन्याची खुसखुस त्यात नव्हती, हे मामांनाही कळत होतं.

गिऱ्हाइकांनी बोंब मारली. निवृत्त मास्तर रोजचा पुडा परत घेऊन आले. "मामा, हे बिस्किट आहे की औषध?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी," मामा म्हणाले. "आणि मास्तर, रोज पुडा कशाला? चार दिवस पुरवा."

"स्वतःचाच माल कमी खा म्हणणारा दुकानदार आज पाहिला," मास्तर म्हणाले. पण पुडा घेऊन गेले.

काही गिऱ्हाइकं चौकातल्या दुसऱ्या बेकरीकडे वळली, ती वळलीच. काही तोंड वाकडं करत सवयीने येत राहिली. दुकान पूर्वीइतकं चाललं नाही, पण चाललं. मामांचं पोट अजून काउंटरला लागतं, फक्त आता जरा हळूच.

तेलबंदी उठली त्या दिवशी मामींनी मासे आणले, थोड्या तेलात परतले आणि मामांच्या पुढ्यात ठेवले. मामांनी बुळबुळीत शत्रूकडे बघितलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कसा झालाय?" मामींनी विचारलं.

मामांनी आणखीसाठी ताट पुढे केलं.

"दोनच तुकडे मिळतील," मामी म्हणाल्या आणि भांडं आत घेऊन गेल्या.