बंबापाशी बसलेलं मांजर

थंडीच्या सकाळी मागच्या अंगणात पाणी तापवायचा बंब पेटला, की आमची मांजर मनी धावत येते. आधी लांब बसते, मग थोडी पुढं सरकते, चटका बसला की मागं होते, आणि एकदा आपली जागा सापडली की डोळे मिटून घेते. आज ते पाहिलं आणि हातातलं वर्तमानपत्र बायकोपुढं नाचवत मी ओरडलोच, "अगं, मनीकडे बघ! हा ग्रह अगदी अस्साच बसलाय!"

बातमी होती एका लाल बटू ताऱ्याची. आपल्या सूर्यापुढं तो म्हणजे नुसता निखारा. पण त्याच्या अगदी जवळून एक ग्रह फिरतोय, आणि तिथं पाणी वाहतं राहील एवढी ऊब असू शकते! इतक्याशा उजेडाला बिलगून कुणी जगत असेल? नदी असेल? तांबूस उन्हात वाढलेलं काळसर गवत? माझा चहा कधीच निवून गेला होता.

बंबात ढलपी सरकवत बायको म्हणाली, "एवढासा तारा, विझायचा नाही का लवकर?"

"उलट तोच टिकतो! सावकाश जळतो ना. आपला सूर्य संपेल, तरी तो जळतच असेल."

तिनं मनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आज तिथं कुणी नसलं, तरी यायला भरपूर वेळ आहे."

माझ्या अंगावर काटाच आला. मनीनं झोपेतच कूस बदलली, आणि आपली गार पडलेली बाजू बंबाकडे केली.