सोवळ्यातली मांजरं

माझ्या मित्राच्या दोन मांजरींनी फ्लॅटचा उंबरा कधी ओलांडला नाही आणि दूधभाताखेरीज काही खाल्लं नाही. "आमचं पुरोहितांचं घराणं," तो ऐटीत सांगतो. पौरोहित्य पूर्वज करत, मांजरी नव्हे, हे सांगून मी थकलो.

यंदा धाकटीचे केस झडले आणि ती भिंतीला धडकू लागली. सदर बाजारातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, "भाई साहब, मांस-मछली नहीं दोगे तो बिल्कुल अंधी हो जाएगी." यावर ह्याने काय करावं? दुधात बदाम वाटून घातले!

"ही हेळसांड आहे," मी म्हणालो.

"हेळसांड? अरे, मी उपाशी राहीन, पण यांचं दूध चुकवणार नाही."

तेच तर दुखणं होतं. माया इतकी, की हेळसांड कोणाला दिसतच नव्हती.

शेवटी मी उकडलेलं अंडं घेऊन गेलो. त्याने मला दारातच अडवलं.

"घरात नाही!"

"मग जिन्यात?"

त्याने जिन्यात वर-खाली पाहिलं. मग धाकटीला उचलून त्याने उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ती अधाशासारखी खाऊ लागली. तो आवाज ऐकून म्हणाला, "सगळं संपवू देऊ नकोस रे. थोरलीला ठेव."