रिकाम्या घागरीतलं कबूतर

चाकणच्या जत्रेत तंबू ठोकलेला तो जादूगार कुठल्या गावचा, हे कुणी विचारलंच नाही. एकोणीसशे पन्नास-पंचावन्न साल असेल. काळा कोट कोपरांवर विटलेला, पण बोटं अशी की पाहत राहावं. रिकामी घागर तो सगळ्यांसमोर उलटी करायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतून जिवंत कबूतर काढायचा. घाई म्हणून कसली नाही.

त्या दुपारी कबूतर निघालं आणि माझी आत्या उठून थेट त्याच्यापाशी गेली. आदल्या दिवशी बाजारातून तिचा बैल सुटला होता. तिने जादूगाराचे पाय धरले. "महाराज, माझा बैल बी काढून द्या."

तो नुसता हो म्हणाला असता, तर लोकांनी तिथंच त्याचा मठ बांधला असता. त्याने आत्याला उठवलं.

"मावशी, माझ्या हातात देव नाही, सराव आहे."

तिला पटेना, तेव्हा पडद्याआड नेऊन कबूतर कुठं असतं ते त्याने तिला दाखवलं. बाहेर येऊन बैलाचा रंग, शिंगं पुकारली, कुणी पाहिला असेल तर सांगा म्हणाला, आणि तोच खेळ पुन्हा लावला.

मी आत्याकडे पाहत होतो. आता हिला कसली मजा? घागर उलटी झाली, रुमाल पडला, कबूतर फडफडलं. सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या आत्याने.

"आरं, मला ठावं असून बी दिसलं न्हाई!"