सुधाकरचा गिलास

त्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी बाहेर आले आणि सुधाकरला एक वाक्य सांगितलं. ते वाक्य काय होतं, हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्याजवळही कितपत जमेल — बघते.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. तिवशाजवळ त्याची फुलशेती — शेवंती, झेंडू. मी अकोल्याला कॉलेजात ग्रंथपाल. घरात शिकलेली मी एकटीच. म्हणून दवाखाना असो की कचेरी, आत जायचं ते मीच. बाकीचे बाहेर थांबणार आणि मी येऊन सांगेन ते खरं. ही रीतच पडून गेली होती.

त्याला एचआयव्ही होता. गोळ्या नेमाने घ्यायचा, तब्येत धरून होता. मग किडन्या गेल्या. अमरावतीला डायलिसिस सुरू झालं. तो स्वतःचा स्टीलचा गिलास पिशवीत घेऊन फिरायचा. माझ्या घरी आला तरी तोच गिलास. उष्ट्याने हा आजार होत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी "राहू दे तो गिलास" असं मी कधी म्हटलं का? नाही. टपरीवर तो हसायचा — "मोठा गिलास हाय ताई, चहावाल्याले फसवून राहिलो."

तर, नागपूर. डॉक्टर म्हणाले, विषाणू गोळ्यांनी दबलेला आहे; अशा रुग्णालाही किडनी बसवता येते. तुमचा दोघांचा रक्तगट एकच आहे — तुमच्या तपासण्या करायच्या का? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. माझा हात कमरेवर गेला होता. टेबलावर निजवलेली मी दिसत होते, आणि माझ्या रक्ताशेजारी त्याचं रक्त.

तो बाहेर बाकावर बसला होता. मी म्हणाले, "या आजारात किडनी बसवत नाहीत, सुधाकर."

हेच ते वाक्य.

त्याने ते लगेच मानलं. "मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "आमच्यासारख्याले कोन हात लावते? तू कावून रडून राहिली? चाल, चहा पिऊ." माझी समजूत — तो काढत होता.

पुढे प्रत्येक डायलिसिसला मी रजा टाकून जाऊ लागले. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. नातेवाईक म्हणत, बहीण असावी तर अशी. खरं सांगू? मी पहारा देत होते. कुणी डॉक्टर त्याच्या खाटेकडे वळला की मी लगेच उठायचे. मी मध्ये जाऊन उभी राहायचे, त्याच्याऐवजी बोलायचे.

एचआयव्हीवाल्यांची मशीन कोपऱ्यात वेगळी असायची, त्यामुळे वॉर्डात लपून काही राहत नसे. एकदा शेजारच्या खाटेवरचे अंजनगावचे टेलर चाचा म्हणाले, "अरे भाई, सुना है अब तुम्हारे जैसों को भी किडनी लगाते हैं. पूछो तो सही."

सुधाकरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही चाचा," तो म्हणाला. "ताईनं इचारलं हाय. लय शिकेल हाय माही ताई."

त्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. भाऊ जगावा म्हणूनच ओवाळतात ना? ओवाळणी म्हणून त्यानं शेतातली शेवंती आणली होती, आणि गिलास आठवणीनं बाजूला ठेवून तो जेवायला बसला.

होळीच्या आधी तो गेला. त्या वर्षांत आमच्याकडे तरणा शेतकरी गेला की लोक आधी विचारायचे, "दवा पेला का?" — म्हणजे फवारणीचं विष. मी म्हणायचे, नाही, आजारानं. आणि लोक सुटकेचा श्वास टाकायचे.

तपासण्या जुळल्या नसत्या, असंही झालं असतं. पण "मला भीती वाटते" एवढं जरी मी त्याला म्हटलं असतं, तर त्यानं दुसरं कुणी शोधलं असतं, किडनीच्या यादीत नाव लावलं असतं. मी फक्त माझी किडनी राखली नाही. त्याचं विचारणंच बंद केलं.

माझ्या दोन्ही किडन्या शाबूत आहेत. त्याचा गिलास माझ्या फडताळात आहे. मी त्यातून अजून पाणी प्यायलेली नाही.